मुलींच्या महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाची अर्ध्या हंगामातील आकडेवारी : आक्रमण आणि बचाव कसा मोजावा?

प्रश्न : रामबागकर (इंदूर)

इंदुरातील एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते आणि यंदा मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. शहरातील निमंत्रितांचे सामने आटोपले आहेत, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आली आहे आणि तिच्यातील कामगिरी पाहूनच पुढे विद्यापीठाचा संघ निवडला जाईल. त्याआधी आतापर्यंतच्या सामन्यांचा हिशेब मांडून, आक्रमणात आणि बचावात आपण नेमके कोठे उभे आहोत, हे प्रशिक्षकांपुढे ठेवावे अशी माझी इच्छा आहे.

माझ्याकडे दोन प्रकारचे कागद आहेत. एक म्हणजे प्रत्येक सामन्याच्या अधिकृत स्कोअरशीटची प्रत. दुसरी म्हणजे राखीव खेळाडूंनी बाकावर बसून भरलेली वही, जिच्यात हुकलेले शॉट, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवणे), स्टील (प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हिसकावणे) आणि टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणे) यांच्या रेघा ओढलेल्या आहेत. त्यांवरून सामन्यामागे सरासरी किती गुण केले आणि किती दिले, हे काढणे सोपे आहे. परंतु काही सामने दोन्ही बाजूंनी धावपळीचे झाले, तर काही संथ झाले. त्यामुळे या सरासरीत आक्रमणाची गुणवत्ता किती आणि निव्वळ वेग किती, हे मला वेगळे करता येत नाही. बचावाच्या बाबतीत तर अडचण आणखी मोठी आहे, कारण ‘दिलेले गुण’ यापलीकडे बचावाचा एकही आकडा विश्वासाने मांडावा असा मला सापडलेला नाही.

हे विचारण्यामागे आणखी एक कारण आहे. आमच्या संघातील एका मुलीच्या नावापुढे गुणांच्या रकान्यात फारसे काही नसते. मात्र समोरच्या संघातील सर्वांत धोकादायक खेळाडू नेहमी तिच्याकडेच सोपवली जाते, आणि ती बाकावर गेली की सामना हातातून निसटू लागतो, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसते. निवडीच्या वेळी पुढे जाणाऱ्या कागदात तिचे हे काम कसे उतरवावे? शिवाय अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला संघांची सविस्तर आकडेवारी संकेतस्थळांवर मिळते. ती आपल्या संघासाठी मापदंड म्हणून वापरता येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : गुणलेखक (इंदूर)

ताई, स्कोअररच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून आधी तुमच्या हातातील अधिकृत कागदाबद्दल लिहितो. त्या कागदात वरवर दिसते त्यापेक्षा अधिक माहिती दडलेली असते. उजवीकडच्या धावत्या गुणांच्या रकान्यात मैदानी गोल (खेळ सुरू असताना झालेला गोल) झाला की आकड्यावर तिरकी रेघ मारतात, फ्री थ्रोसाठी (फाऊलनंतर मिळणाऱ्या बिनअडथळा शॉटसाठी) भरीव ठिपका देतात आणि तीन गुणांचा गोल असेल तर खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ काढतात. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या शाईने लिहिण्याची पद्धत असल्यामुळे क्वार्टरनिहाय विभागणीही मिळते; तुमच्याकडे रंग न उतरलेली झेरॉक्स असेल, तर मूळ प्रत मागून घ्या. फाऊलच्या चौकटीत ‘पी’ या अक्षराच्या शेजारी बारीक १, २ किंवा ३ लिहिलेले असते, तो त्या फाऊलवर दिलेल्या फ्री थ्रोंचा आकडा असतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या फाऊलवरून तुमच्या संघाला किती फ्री थ्रो मिळाले, याची बेरीज वहीशिवायही करता येते. हुकलेले मैदानी शॉट, रिबाउंड आणि टर्नओव्हर मात्र त्या कागदावर नसतात. त्यांसाठी मुलींच्या वहीलाच शरण जावे लागते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सामन्यामागचे गुण बाजूला ठेवा आणि पझेशनमागचे, म्हणजे चेंडूच्या प्रत्येक ताब्यामागचे गुण काढा. ताब्यांची संख्या मोजण्याची सर्वमान्य रीत अशी : मैदानी शॉटच्या एकूण प्रयत्नांतून आक्रमणातील रिबाउंड वजा करायचे, त्यात टर्नओव्हर मिळवायचे आणि फ्री थ्रोंच्या प्रयत्नांना ०.४४ ने गुणून तेही मिळवायचे. आक्रमणातील रिबाउंड वजा करतात, कारण स्वतःचा हुकलेला चेंडू पुन्हा मिळवला तर नवा ताबा सुरू होत नाही, जुनाच लांबतो. फ्री थ्रोंना निम्म्याहून थोडा कमी गुणक लावतात, कारण दोन फ्री थ्रो मिळून साधारण एक ताबा संपतो; परंतु गोल झाल्यावर मिळालेला एकटा फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाऊलचा फ्री थ्रो वेगळा ताबा खर्च करत नाही.

उदाहरणासाठी दोन काल्पनिक सामने घेऊ. समजा पहिल्या सामन्यात संघाने ५८ गुण केले. शॉटचे प्रयत्न ६८, आक्रमणातील रिबाउंड १६, टर्नओव्हर २२ आणि फ्री थ्रोंचे प्रयत्न १८. ताबे झाले सुमारे ८२, म्हणजे १०० ताब्यांमागे जवळपास ७१ गुण. दुसऱ्या सामन्यात गुण ५२, प्रयत्न ५४, आक्रमणातील रिबाउंड १०, टर्नओव्हर १६ आणि फ्री थ्रोंचे प्रयत्न १४ असतील, तर ताबे सुमारे ६६ आणि १०० ताब्यांमागे गुण जवळपास ७९. कमी गुणांच्या सामन्यात आक्रमण उजवे होते, आणि सरासरी गुण पाहणाऱ्याला ते कधीच कळले नसते.

हाच हिशेब प्रतिस्पर्ध्यांच्या आकड्यांवर केला की बचावाचा पहिला विश्वासार्ह आकडा हाती येतो. येथे एक पडताळणीही आपोआप होते. ताबा एका संघाकडून दुसऱ्याकडे आळीपाळीने जात असल्यामुळे दोन्ही संघांचे ताबे जवळजवळ सारखेच निघायला हवेत. चार-पाचांपेक्षा अधिक फरक पडला, तर त्या सामन्याची वही विश्वासार्ह नाही असे समजा. बहुतेक वेळा टर्नओव्हरच्या रेघा राहून गेलेल्या असतात, कारण चाल (चेंडू न आपटता पावले टाकणे), दुहेरी ड्रिबल (थांबून पुन्हा चेंडू आपटणे) किंवा आठ सेकंदांत मध्यरेषा न ओलांडणे यांसाठी शिटी वाजली की मुली चेंडूकडे न पाहता पंचाकडे पाहतात.

त्यापुढे आक्रमणाची फोड करायची झाली, तर डीन ऑलिव्हर या अमेरिकन विश्लेषकाने मांडलेले चार घटक पुरेसे आहेत : शॉटची परिणामकारकता, टर्नओव्हरचे प्रमाण, आक्रमणातील रिबाउंडचे प्रमाण आणि फ्री थ्रो मिळवण्याची क्षमता. त्याने त्यांना अनुक्रमे ४०, २५, २० आणि १५ टक्के वजन दिले होते. परिणामकारकता काढताना झालेल्या एकूण गोलांत तीन गुणांच्या गोलांचा निम्मा आकडा मिळवून बेरजेला प्रयत्नांनी भागतात, म्हणजे लांबून मारणाऱ्या मुलीवर अन्याय होत नाही. ही वजने तेथील व्यावसायिक खेळावरून ठरली आहेत. आपल्या महाविद्यालयीन सामन्यांत टर्नओव्हरचे वजन मी निःसंकोचपणे अधिक धरीन. वरच्या पहिल्या उदाहरणात चारांतील एकाहून अधिक ताबा शॉट न मारताच संपला आहे. तेथे नेमबाजीच्या सरावापेक्षा प्रेसमधून (मैदानभर घेरणाऱ्या बचावातून) चेंडू बाहेर काढण्याचा सराव आधी व्हायला हवा.

उत्तर : माजी गार्ड (ग्वाल्हेर)

गुणलेखक काकांनी आक्रमणाचे सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी बचावावरच लिहिते. मी ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेत शिकले, विद्यापीठाकडून गार्डच्या (चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूच्या) जागी खेळले आणि आता शाळेच्या मुलींना शिकवते. ताई, तुमच्या त्या मुलीबद्दल वाचून मला अतिशय जवळचे वाटले. अधिकृत स्कोअरशीटवर बचाव करणाऱ्या खेळाडूच्या मेहनतीची एकच नोंद उरते आणि ती म्हणजे तिचे फाऊल. तिने समोरचीला चेंडूच मिळू दिला नाही, तर कागद कोरा राहतो. शेवटच्या क्षणी हात लागला, तर तिच्या नावावर फाऊल चढतो. निवड करणाऱ्यांसमोर हाच कागद जात असेल, तर अशा मुली मागे पडणारच, आणि म्हणून तुम्ही हे काम हाती घेतलेत याचे मला मोल वाटते.

बचाव मोजताना लोक प्रथम स्टील आणि ब्लॉक (हवेतच अडवलेला शॉट) पाहतात. हे आकडे टाकून देऊ नयेत, मात्र त्यांच्यावर विसंबूही नये. स्टीलसाठी पासिंगच्या वाटेत झेप घेणारी मुलगी तीनदा चेंडू पळवते, पण चार वेळा चुकते तेव्हा तिची जागा रिकामी पडते आणि समोरचीला बिनविरोध ले-अप (रिंगजवळचा सोपा शॉट) मिळतो. ते गुण वहीत तिच्या नावावर लागत नाहीत. पूर्ण मैदानावरच्या प्रेसचेही तसेच आहे. प्रेसने स्टीलचा आकडा फुगतो, पण प्रेस तुटल्यावर दिलेल्या सोप्या गुणांचा हिशेब त्याच्या शेजारी ठेवला नाही, तर प्रेस फायद्याचा की तोट्याचा हे समजत नाही. तेव्हा वहीत ताब्यागणिक एक अक्षर लिहायला सांगा : प्रेस असेल तर ‘प्रे’, झोन (प्रत्येकीने ठरलेली जागा राखणे) असेल तर ‘झो’, मॅन-टू-मॅन (प्रत्येकीने समोरची एकेक खेळाडू राखणे) असेल तर ‘मॅ’. तीन-चार सामन्यांनंतर प्रत्येक पद्धतीत ताब्यामागे किती गुण दिले, हे दिसू लागते.

आपल्याकडे मुलींच्या सामन्यांत २-३ झोनवर (पुढे दोघी, रिंगजवळ तिघी) फार भर असतो, कारण बहुतेक संघांची बाहेरून नेमबाजी कच्ची असते आणि रिंगखाली गर्दी केली की गुण आटतात. पण झोनचे एक दुखणे आकड्यांत नक्की सापडते : बचावातील रिबाउंड. मॅन-टू-मॅनमध्ये शॉट सुटताच कोणी कोणाला पाठीवर घेऊन अडवायचे, हे ठरलेले असते; झोनमध्ये जागा राखायची असते, माणूस नाही, त्यामुळे समोरची मोठी खेळाडू दोन मुलींच्या मधून आत शिरते. याचे प्रमाण असे काढा : आपले बचावातील रिबाउंड भागिले हेच रिबाउंड आणि समोरच्या संघाचे आक्रमणातील रिबाउंड यांची बेरीज. समजा आपले २४ आणि त्यांचे १६, तर प्रमाण ६० टक्के झाले, आणि दर पाच हुकलेल्या चेंडूंपैकी दोन पुन्हा त्यांच्याच हाती गेले. नियमाप्रमाणे अशा वेळी शॉट क्लॉक (शॉट घेण्याची मुदत दाखवणारे घड्याळ) पुन्हा १४ सेकंदांवर येते. तेवढा वेळ पुन्हा बचाव करायचा, आणि तोही बहुधा रिंगच्या अगदी खाली. २०१७ साली बंगळुरूमध्ये भारतीय महिला संघाने आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचा अंतिम सामना कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ असा जिंकला. दोन गुणांचे अंतर म्हणजे एखादा रिबाउंड.

आता तुमच्या खेळाडूच्या नोंदीविषयी. समोरच्या संघाचा प्रत्येक शॉट लिहिताना, त्या शॉटच्या वेळी समोर असलेल्या आपल्या मुलीचा क्रमांकही लिहायला सांगा. हात वर आणि पाय जागेवर असताना शॉट झाला असेल, तर त्या क्रमांकाभोवती चौकोन काढावा. वर्तुळ काढू नये, नाही तर ते तीन गुणांच्या खुणेशी मिसळेल. समोरची तिला पार करून गेली असेल, तर क्रमांकाखाली रेघ द्यावी. याशिवाय तीन गोष्टी तिच्या नावावर स्वतंत्रपणे मोजाव्यात : चेंडूला लागलेला हात, मग चेंडू मिळो वा न मिळो, अंगावर घेतलेला चार्ज (जागेवर उभ्या मुलीवर आक्रमक येऊन आदळणे), कारण तो प्रतिस्पर्ध्याचा टर्नओव्हर ठरतो पण तो कोणी मिळवून दिला हे अधिकृत कागदावर कोठेच लिहिले जात नाही, आणि बॉक्स-आऊट (समोरचीला पाठीवर घेऊन चेंडूपासून अडवणे). शेवटच्याकडे विशेष लक्ष द्या. समोरच्या सेंटरला (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) पाठीवर रोखून धरणारी मुलगी वेगळी असते आणि मोकळा पडलेला चेंडू उचलणारी वेगळी असते; रिबाउंड मात्र दुसरीच्या नावावर लागतो.

प्रतिसाद : रामबागकर (इंदूर)

दोघांचेही मनापासून आभार. चौकोनाची आणि रेघेची पद्धत उद्याच्या सरावापासूनच वहीत आणते, म्हणजे मुलींचा हात बसेल.

दोन शंका आहेत. पहिली माझ्या विषयातील आहे. अर्ध्या हंगामात एका खेळाडूचे फ्री थ्रो समजा ५० होतील आणि त्यांतील ६० टक्के यशस्वी असतील, तर त्या टक्केवारीची प्रमाणित त्रुटी सुमारे ७ येते. म्हणजे दोन्ही बाजूंना अशा दोन त्रुटी धरल्या, तर तिची खरी क्षमता ४६ ते ७४ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते, आणि दोन मुलींमधील पाच-सात टक्क्यांच्या फरकावरून कोणाला निर्णायक क्षणी चेंडू द्यावा हे ठरवणे योग्य होणार नाही. तीन गुणांच्या शॉटच्या बाबतीत प्रयत्न आणखी थोडे असल्यामुळे अनिश्चितता आणखी वाढते. मग इतक्या थोड्या सामन्यांतून कोणते आकडे त्यातल्या त्यात लवकर स्थिर होतात?

दुसरी शंका प्लस-मायनसबद्दल आहे. ती मुलगी मैदानावर असताना आणि बाकावर असताना गुणांत पडलेला फरक काढला, तर तो निवड समितीपुढे ठेवण्याइतका भक्कम ठरेल का?

उत्तर : पहाटेचा प्रेक्षक (वडोदरा)

अमेरिकन महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल मी नियमित पाहतो, म्हणून तुलनेच्या प्रश्नाबद्दल लिहितो आणि त्यातूनच पहिल्या शंकेकडे येतो.

काही बाबतींत तुलना सोपी आहे. तेथील महिलांचे सामने २०१५-१६ च्या हंगामापासून दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये खेळले जातात आणि २०२१-२२ पासून त्यांची तीन गुणांची रेषाही आंतरराष्ट्रीय अंतरावर, म्हणजे ६.७५ मीटरवर आली. शॉट क्लॉक मात्र त्यांच्याकडे ३० सेकंदांचे आहे आणि आंतरराष्ट्रीय नियमांत २४ सेकंदांचे. आपल्याकडच्या अनेक मैदानांवर तर ते घड्याळच नसते. त्यामुळे सामन्यामागचे आकडे शेजारी ठेवणे व्यर्थ आहे. ताब्यामागचे आकडे ठेवता येतील, पण ते मापदंड म्हणून नव्हे, तर कोणकोणत्या गोष्टी मोजायच्या याचा नमुना म्हणून. लाकडी तळाच्या बंदिस्त हॉलमध्ये खेळणाऱ्या संघाची नेमबाजीची टक्केवारी उघड्या सिमेंटच्या मैदानावर, वाऱ्यात खेळणाऱ्या मुलींना लावणे अन्यायाचे होईल.

त्यांच्या अर्ध्या हंगामातील आकडेवारीकडून एक धडा मात्र जरूर घ्यावा. हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरू होतो आणि आपापल्या कॉन्फरन्समधील (महाविद्यालयांच्या गटातील) सामन्यांना खरा जोर नववर्षाच्या सुमारास येतो. त्याआधी बलाढ्य संघ दुबळ्या पाहुण्या संघांना घरच्या मैदानावर बोलावून मोठ्या फरकाने हरवतात. त्यामुळे डिसेंबरअखेरचे आक्रमणाचे आणि बचावाचे आकडे देखणे दिसतात, आणि जानेवारीत तेच संघ बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यांपुढे अडखळतात. तुमच्या निमंत्रितांच्या सामन्यांतही एकतर्फी सामने असतील. अशा सामन्यांत अंतर वीस गुणांपलीकडे गेल्यानंतरचे ताबे वेगळे काढा, आणि प्रत्येक सामन्यातील दिलेले गुण त्या प्रतिस्पर्ध्याने इतर संघांविरुद्ध केलेल्या गुणांशी ताडून पाहा. लाल-निळ्या शाईमुळे हे काम निदान क्वार्टरनिहाय सहज होईल.

कोणते आकडे लवकर स्थिर होतात, याचे उत्तर त्या आकड्यामागे किती घटना आहेत यावर अवलंबून आहे. टर्नओव्हरचे आणि रिबाउंडचे प्रमाण दर सामन्यात अनेक घटनांतून बनते, म्हणून ते आधी विश्वासार्ह होते. तीन गुणांच्या शॉटची टक्केवारी सर्वांत उशिरा स्थिर होते, आणि प्रतिस्पर्ध्यांची अशी टक्केवारी तर बचावाच्या खात्यावर टाकताना फारच जपावे. बचावाच्या हातात मुख्यतः एवढेच असते की त्यांना लांबून किती शॉट घेऊ द्यायचे. घेतलेला शॉट आत जातो की नाही, हे बऱ्याच अंशी मारणारीवर आणि त्या दिवसावर असते. म्हणून टक्केवारीऐवजी प्रयत्नांची संख्या आणि त्यांतील मोकळ्या शॉटचा वाटा लिहावा.

एकाच खेळाडूच्या गुणांवर संघाचा हिशेब मांडण्याची सवय कशी फसवते, याचे तेथील महाविद्यालयीन महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा २०२४ चा अंतिम सामना हे स्पष्ट उदाहरण आहे. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने ३० गुण केले, त्यांतील १८ पहिल्याच क्वार्टरमध्ये. तरीही साउथ कॅरोलायनाने सामना ८७-७५ असा जिंकला. राखीव खेळाडूंच्या गुणांत साउथ कॅरोलायना ३७-० अशी पुढे होती आणि रिबाउंडमध्ये ५१-२९. क्लार्क महान खेळाडू आहे यात शंका नाही, पण त्या दिवशीचा निकाल तिच्या नावापुढच्या आकड्यात सापडत नाही.

उत्तर : गुणलेखक (इंदूर)

प्लस-मायनसच्या शंकेचे उत्तर देतो. अधिकृत स्कोअरशीटवर खेळाडू मैदानात उतरली एवढीच फुलीची खूण असते, सुरुवातीच्या पाचजणींच्या फुलीभोवती वर्तुळ असते. ती किती मिनिटे खेळली आणि केव्हा बाहेर गेली, हे तेथे लिहिले जात नाही. तेव्हा बदली होताच तो क्षण आणि त्या वेळचा गुणफलक वहीत उतरवणे, हे काम एकाच मुलीला द्या आणि तिला दुसरे काही मोजायला लावू नका. तरीही थोड्या सामन्यांचा प्लस-मायनस एकट्याने पुढे ठेवू नये, असे माझे मत आहे. तुमची ती खेळाडू बहुधा सर्वोत्तम पाचजणींबरोबरच मैदानावर असते आणि बाहेर जाते तेव्हा आणखी एक-दोघीही बाहेर जातात. मग फरक कोणामुळे पडला, हे सांगता येत नाही.

त्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य खेळाडूचा हिशेब द्या. ती खेळाडू आपल्या मुलीसमोर असताना तिने किती शॉट घेतले, त्यांतील किती चौकोनातले होते, किती झाले आणि तिचे किती टर्नओव्हर झाले. आणि इतरांसमोर असताना यांपैकी काय काय झाले. दोन ओळींची ही तुलना प्रत्येक सामन्यासाठी तयार करा आणि चार्ज, बॉक्स-आऊट व हात लागल्याच्या नोंदी तिच्या खाली जोडा. निवड करणारे लोक स्वतः खेळलेले असतात, त्यांना अशा नोंदीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फक्त ती नोंद समोर असावी लागते. सोबत अधिकृत स्कोअरशीटची प्रतही लावा, म्हणजे तुमच्या वहीतील गोलांची आणि फाऊलची बेरीज त्या कागदाशी जुळते की नाही हे त्यांना तेथल्या तेथे पाहता येईल.

०.४४ च्या गुणकाबद्दल एक पुरवणी. अमेरिकन महाविद्यालयीन आकडेवारीत काही ठिकाणी ०.४७५ हा गुणक वापरतात, म्हणून तेथील आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी गुणक तपासा. तुमच्या वहीत मात्र गुणकाची गरजच पडू देऊ नका. ज्या फ्री थ्रोंमुळे ताबा खरोखर संपला, त्यांतील शेवटच्या फ्री थ्रोपुढे एक टिंब द्यायला मुलींना सांगा, आणि ताबे मोजताना थेट ती टिंबे मोजा.